तीन बोळे

मंगळवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी आमच्या सायंदैनिकाच्या इमारतीतून एकशे बारा माणसं जिन्याने खाली उतरली. एक वरच राहिला. तो मी.

आग लागली नव्हती. लागली तर काय करायचं याची तालीम होती. भोंगा दुरुस्तीला गेला होता, म्हणून प्रत्येकाने शेजाऱ्याला उठवायचं असं ठरलं होतं. माझ्या कानांवर बाहेरचा आवाज मारणारे हेडफोन होते.

ते हौसेचे नाहीत. मला ऑटिझम आहे, हे डॉक्टरांनी त्रेचाळिसाव्या वर्षी सांगितलं. बायको म्हणाली, "सोळा वर्षं मी दुसरं काय सांगतेय? फक्त त्याला नाव असतं हे मला माहीत नव्हतं."

मी उपसंपादक. कोणती बातमी पहिल्या पानावर आणि कोणती आत, हे ठरवून पोट भरतो. माझ्या मेंदूत मात्र उपसंपादकाची जागा कधी भरलीच गेली नाही. एसीची घरघर, कपात फिरणारा चमचा, कुणाच्या चपलेची करकर, सगळं पहिल्या पानावर, आठ कॉलमी. हेडफोन असले की घरघर पुसली जाते, बाकीचं लांब जातं आणि साडेबाराला पान छपाईला सुटतं. नसले की अकरालाच डोक्याची छपाई बंद.

हाक ऐकू येत नाही म्हणून क्रीडा पान पाहणाऱ्या शेजारणीशी माझा करार आहे. कागदाचा एक बोळा अंगावर आला की मान वर करायची. दोन आले की काम तातडीचं. समजलं, तर मी हात वर करायचा. नियम मीच टाइप केले आणि तिची सही घेतली.

त्या दिवशी तीन बोळे आले. मी हात वर केला. ती निश्चिंत मनाने खाली गेली.

पुढची एकोणीस मिनिटं माझ्या नोकरीतली सर्वांत सुंदर होती. इतकी शांतता! हेडफोन बनवणाऱ्यांना अभिनंदनाचं पत्र लिहावं, असंही मनात आलं. पान अकरा सव्वीसला सोडलं. तेवढ्यात पहारेकऱ्याने खांदा हलवला आणि मला खाली नेलं. एकशे बारा माणसं टाळ्या वाजवत होती. कुणाचा तरी वाढदिवस असेल, म्हणून मीही वाजवल्या.

"अरे शहाण्या, तीन बोळे मारले ना तुला?" शेजारीण म्हणाली.

"यादीत तीन नाहीत."

"एक म्हणजे बघ, दोन म्हणजे घाई. मग तीन म्हणजे पळ! यात यादी कसली?"

"मला वाटलं, एक अधिक दोन. बघ आणि घाई कर. मी बघितलं, घाई केली."

"आणि हात कशाला वर केलास?"

"समजलं म्हणून."

"कपाळ समजलं!"

व्यवस्थापकांनी केबिनमध्ये बोलावलं. "आग खरी असती तर?"

"पान वेळेत गेलं असतं," मी म्हणालो. हा विनोद नव्हता, माहिती होती. त्यांना दोन्ही आवडलं नाही.

"हेडफोन माझ्याकडे राहतील. वापरायचे की नाही, गुरुवारी सुरक्षा समिती ठरवेल."

बुधवारी कानात कापूस घालून बसलो. हवामानाचा चौकटीतला मजकूर निधनवार्तेखाली गेला आणि 'दिवसभर ढगाळ' हे दिवंगताचं वर्णन वाटू लागलं. चूक शेजारणीने पकडली. पान चौदा मिनिटं उशिरा सुटलं. नंतर मी कागदाच्या गोदामात दोन रिळांच्या मधे तासभर बसलो, भिंतीकडे तोंड करून. शिक्षा झालेल्या पोरासारखा दिसत असेन. पाहायला सुदैवाने कुणी नव्हतं.

आणि तेच नडलं. आज दुपारी तीनला समिती बसली, तेव्हा व्यवस्थापक प्रसन्न होते. "काल हेडफोनशिवाय काम केलंत की! जमतं तुम्हाला."

गोदामाचं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "चौदा मिनिटं उशीर झाला."

"चौदा मिनिटं चालतात हो."

चौदा वर्षांत मला एकदाही चालली नव्हती. पुढचं वाक्य मनात जुळवेपर्यंत त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं होतं. बायकोला फोन केला.

"गोदामाचं सांगितलंस?"

"विचारलं नाही त्यांनी."

"अरे देवा. विचारायला त्यांना माहीत तरी हवं ना! दार वाजव आणि आत जा."

दारापर्यंत गेलो. आत तिघं एकदम बोलत होते. परत येऊन गोदामातला तास चार ओळींत लिहून काढला. तीन वीसला शेजारणीला साक्षीला बोलावलं, तेव्हा तो कागद तिच्या हातात दिला. तिने उभ्या उभ्या वाचला. "हे मला का नाही सांगितलंस रे?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

आता चार वाजून पाच मिनिटं झाली आहेत. दार बंद आहे. आत एकच जण बोलतंय. आवाज शेजारणीचा आहे.