तोकुए-आजींची पेटी

"काका, करवत आहे का तुमच्याकडे?" शुन्पेइने दारातच विचारलं.

ह्यांनी पेटी चटकन पाठीमागे लपवली. हाकोनेच्या घाटात आयुष्यभर बस चालवलेला हा माणूस, पण जुन्या कोड्याच्या पेट्या म्हटलं की अगदी पोर होतो. फळ्या ठरलेल्या क्रमाने सरकवल्या तरच त्या पेट्या उघडतात. घरात बसायला जागा नाही, इतक्या जमवल्यात. त्यांत ही सगळ्यांत देखणी. हिच्यासाठी तोक्योच्या शौकिनांनी आमचे उंबरे झिजवले.

शुन्पेइने मावशीचं घर रिकामं करताना ती भंगारात काढली होती, तिथून ह्यांनी उचलून आणली. आता मावशी, म्हणजे तोकुए-आजी, ओदावाराच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होत्या आणि एकच घोकत होत्या. हारुओची नाळ त्या पेटीत आहे. हारुओ त्यांचा एकुलता एक, सातव्या वर्षी तापाने गेला. आमच्याकडे आई मुलाची नाळ जपते आणि जाताना सोबत नेते.

"करवत नको," हे म्हणाले. "दमट हवेने लाकूड फुगलंय. सुकलं की उघडेल."

"आणि तोवर मावशी थांबेल?"

ह्यांनी पेटी दवाखान्यात नेली. आजींनी ती छातीशी धरली, पण बोटांत जोर नव्हता.

"कुठली फळी आधी, आजी?"

"ही, उजवीकडची. पुढचं हाताला यायचं रे, तोंडाने नाही सांगता येत."

ती फळी सरकली. दुसरी काही हलेना.

शेगडीजवळ ठेवली तर वरची नक्षी तडकेल, म्हणून अंगाच्या उबेने सुकावी अशी ह्यांनी पेटी पोटाला गुंडाळायच्या पट्ट्यात बांधली. जेवताना, झोपताना, अगदी संडासातसुद्धा.

"मला दिवस गेले तेव्हा एवढं जपलं नव्हतंत," मी म्हटलं.

"तू फुगून बसलीस तरी आपोआप उतरायचीस," म्हणाले. हसले, पण डोळे सुजले होते.

पेटी उघडायच्या आत आजी गेल्या.

शवपेटीपाशी शुन्पेइ ह्यांच्या कानाशी लागला. "काका, आता तरी कापू. नाळ तिला, पेटी तुम्हाला. तुम्ही काय, तुकडे मस्त जोडाल."

ह्यांनी पट्टा सोडला. पेटीवरून एकदा तळहात फिरवला. ती आतून कशी आहे हे बघायला ते किती तळमळत होते, ते मलाच ठाऊक.

"आईने बंद केलीय," ते म्हणाले. "आपण कोण फोडणारे?"

मला ह्यांचा इतका अभिमान वाटला की भर मंडळीत रडूच फुटलं.

आजींच्या कुशीत फुलं सारून ह्यांनी जागा केली. पेटी ठेवली, मग थांबले. परत उचलली, फिरवली आणि आधी सरकवायची ती फळी आजींच्या बोटांखाली येईल अशी ठेवली.