टोपलीवाली काय म्हणाली

आमच्या बेटावर ऑक्टोबरमध्ये काही नसतं. उन्हाळ्यातले पाहुणे गेलेले असतात, शेवंडांचे पिंजरे निम्मे किनाऱ्यावर येऊन पडलेले असतात आणि बोट दिवसाआड येते. तरीही दर ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी चाळीसेक माणसं पाठीवर पिशव्या घेऊन धक्क्यावर उतरतात. ती ‘धुक्यातली घंटा’ या मालिकेची भक्तमंडळी. मालिका अकरा भागांतच बंद पडली. दीपगृहाचा राखणदार नाहीसा होतो, त्याला कोणी मारलं ते शेवटपर्यंत कळत नाही. ती सगळी आमच्याच बेटावर चित्रित झाली होती. ही मंडळी चर्चच्या सभागृहात दोन दिवस बसून सगळे भाग पुन्हा बघतात, मध्येमध्ये चित्र थांबवून वाद घालतात, वह्या भरतात. त्यांतली बारा जणं आमच्या घरी उतरतात. स्वयंपाक माझा, आणि सभागृहात पडद्यावर चित्र दाखवायचं यंत्र सांभाळतो माझा नवरा मर्ल.

पण ते केवळ मालिका बघायला येत नाहीत. मला बघायलाही येतात.

पाचव्या भागात चाळीस सेकंदांचं एक दृश्य आहे. पोलीस अधिकारी बेटावरच्या दुकानात तंबाखू घेतो आणि दुकानदाराला राखणदाराबद्दल विचारतो. त्याच्या मागे पिवळा रेनकोट घातलेली एक मुलगी अंड्यांची टोपली घेऊन उभी असते. ती वर भिंतीकडे बघते, मग समोर बघून काहीतरी पुटपुटते आणि मान खाली घालते. आवाज नाही. पुन्हा ती मालिकेत कुठेही दिसत नाही. ती मुलगी म्हणजे मी, लोरेटा. तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आज बावन्न.

मंडळी मला ‘टोपलीवाली’ म्हणतात. तिनेच खून केला, असं म्हणणारे आहेत. ती राखणदाराची चोरून ठेवलेली मुलगी, असं म्हणणारे आहेत. ती आधीच मेलेली आहे, कारण दुकानातलं कोणीच तिच्याकडे बघत नाही, असं म्हणणाऱ्यांचा तर वेगळा गटच आहे. भिंतीवरच्या घड्याळात दोन पन्नास झालेत, यावर प्रुइट सरांनी अख्खी पुस्तिका काढली आहे. प्रुइट सर म्हणजे ओहायोचे निवृत्त शिक्षक, या मेळाव्याचे जनक. पंचवीस वर्षांपूर्वी, पहिल्याच मेळाव्यात, त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, “तुम्ही नेमकं काय म्हणालात तिथे?”

मर्ल माझ्या शेजारीच उभा होता. मी हसून म्हणाले, “ते सांगायची परवानगी नाही.”

बस. तेवढ्यावर पंचवीस वर्षं गेली.

खरं काय घडलं होतं ते सांगते. त्या शनिवारी सकाळी माझी सुटकेस दुकानाच्या मागच्या खोलीत, अंड्यांच्या खोक्यांआड होती. पोर्टलंडच्या परिचारिका विद्यालयात मला जागा मिळाली होती. सोमवारी सकाळी नऊला हजर व्हायचं होतं. तीनची बोट चुकली तर पुढची मंगळवारी. घरात कोणाला पत्ता नव्हता. आई नव्हती, आणि बाबांच्या होडीवर दुसरा माणूस मीच होते. सांगितलं असतं तर त्यांनी पाऊल टाकू दिलं नसतं. त्या दिवशी अर्धं बेट चित्रीकरणात उभं होतं. नाही म्हटलं असतं तर का, कशाला असं झालं असतं. एकपर्यंत सोडतो म्हणाले, म्हणून उभी राहिले.

एक वाजला, दोन वाजले. अधिकारी झालेला नट दर वेळी तंबाखूचं नाव चुकायचा. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. चौदा वेळा. दार उघडलं की वरची घंटी वाजायची, म्हणून दार धरून ठेवायला कॅमेऱ्याच्या बाजूला एक माणूस उभा केला होता. तो माणूस म्हणजे मर्ल. एकवीस वर्षांचा, कान लाल झालेला, मोठ्या कामावर नेमल्यासारखा ताठ. मोठ्याने बोलायची सोय नव्हती. गल्ल्यावर माझा सख्खा काका दुकानदार बनून उभा होता. मी घड्याळ बघितलं आणि नुसत्या ओठांनी मर्लला म्हणाले. त्याने डोळे मिचकावले आणि मान हलवली. नाही.

आम्हाला सव्वातीनला सोडलं. टेकडीवरून मला बोटीचा धूर दिसला, बोट नाही. सोमवारी मी दुकानातून फोन केला. पलीकडची बाई फार गोड बोलली. जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलीला दिली, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, म्हणाली.

त्या शनिवारी संध्याकाळी मर्ल माफी मागायला घरी आला होता. “अगं, मला वाटलं तू गंमत करतेस. फार घाईची लागली होती का?” त्याला वाटलं होतं मला लघवीला जायचंय. मी हो म्हणाले. दुसरं काय सांगणार? मग तो रोज यायला लागला. पुढच्या वर्षी अर्जाची मुदत आली तेव्हा आमचा टोबी पोटात होता.

मर्ल ती गोष्ट आमच्या घरच्या जेवणांत हमखास सांगायचा. हिला लागली होती, मी अडवलं आणि मग नुकसानभरपाई म्हणून लग्न केलं. सगळे हसायचे, मीही हसायचे. मेळाव्यात मात्र तो मिशीतल्या मिशीत हसत म्हणायचा, “मला माहितीये काय म्हणाली ते. पण सांगितलं तर बायको घरात घेणार नाही.” त्यामुळे मंडळी आणखी पेटायची. आणि मी? खरं सांगायचं तर त्याला सांगावं लागलं असतं की दार तू धरलं होतंस. ते मला कधी जमलं नाही.

मागच्या ऑक्टोबरमध्ये दोन नव्या गोष्टी झाल्या. एक, मालिकेची साफ केलेली नवी प्रत आली. पूर्वी माझा चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा दिसायचा, आता पापण्या मोजता येत होत्या. दुसरी, इनेस काब्राल नावाची बाई पहिल्यांदाच आली. चाळिशीची, न्यू बेडफर्डकडची, सातव्या वर्षी तापात ऐकू येणं गेलेली. ओठ वाचायची. बोलायची ते थोडं घशातून, पण स्पष्ट.

रविवारी वारं सुटलं आणि मेळाव्यासाठी खास ठेवलेली बोट रद्द झाली. मंगळवारपर्यंत कोणी हलणार नव्हतं. दुपारी सगळे पुन्हा सभागृहात जमले. दुसरं करणार काय? प्रुइट सर म्हणाले, “चला, पाचवा भाग. नवी प्रत आहे, टोपलीवालीकडे नीट बघू.”

मी कॉफीचं भांडं घेऊन भिंतीला उभी होते. मर्ल मागे यंत्रापाशी. दृश्य आलं, गेलं. प्रुइट सरांनी ते तीनदा मागे घ्यायला लावलं. तिसऱ्या वेळी इनेसने हात वर केला.

“ती काय म्हणतेय ते दिसतंय मला,” ती म्हणाली. “तुम्हाला कोणालाच दिसत नाही?”

प्रुइट सर खुर्चीतून उठलेच. “सांगा, सांगा!”

मी मान हलवली. नको, असं तिला खुणावलं. पण ती पडद्याकडे बघत होती.

“‘जाऊ दे ना मला,’” इनेस सावकाश म्हणाली. “‘बोट सुटेल.’ दोनदा. ‘बोट सुटेल.’”

चाळीस माणसं एकदम बोलायला लागली. एकीने तर रडायलाच सुरुवात केली. प्रुइट सर टेबलावर थापा मारत ओरडत होते, “मी म्हणत नव्हतो? ती बेटावर अडकलेली आहे! ही मेलेल्यांची बोट! लिहून घ्या, लिहून घ्या!”

त्या गलक्यात मागून आवाज आला.

“कुठली बोट?”

मर्ल यंत्राजवळ उभा होता. मंडळी हसली. त्यांना वाटलं मर्ल नेहमीसारखा फिरकी घेतोय.

“लोरी, तुला विचारतोय. कुठली बोट?”

माझ्या हातातलं भांडं जड झालं. मी ते खिडकीत ठेवलं. “तीनची,” मी म्हणाले. “शनिवारची.”

“कुठे चालली होतीस?”

“पोर्टलंडला.”

“कशाला?”

“नर्सिंग शिकायला. जागा मिळाली होती.”

“थांबा, जरा हळू,” प्रुइट सर म्हणाले. “नर्सिंग म्हणालात ना? तिसऱ्या भागात दवाखाना आहे!” पेन्सिली चालू झाल्या. कोणीतरी मोबाइल वर धरला. मी आणि मर्ल एकमेकांकडे बघत होतो आणि मध्ये ती चाळीस डोकी, या बाजूला वळायची, त्या बाजूला वळायची.

“परत येणार होतीस?” मर्लने विचारलं.

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. पण दमले होते मी.

“नाही,” मी म्हणाले.

मर्लने मान डोलावली. मग काय करावं ते न सुचून त्याने बटण दाबलं आणि सहावा भाग सुरू केला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. उभं राहून टाळ्या वाजवल्या हो! प्रुइट सर माझे दोन्ही हात धरून म्हणाले, “पंचवीस वर्षं थांबलो, पण सार्थक झालं. काय अभिनय! आणि मर्लसुद्धा!”

“सर, हा अभिनय नाही,” मी म्हणाले. “हे खरं आहे. माझं.”

“तेच तर!” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

इनेस तेवढी जागेवर बसून होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. नंतर दाराशी तिने माझा दंड धरला. “तुमच्या नवऱ्याचा चेहरा मी उशिरा बघितला. आधी बघितला असता तर बोलले नसते.”

“तुमची काय चूक,” मी म्हणाले. तिला सोडून मला दुसऱ्या कोणाशी बोलावंसं वाटत नव्हतं, आणि तिलाही मी फारसं काही बोलले नाही.

बोट नसल्यामुळे ते दोन दिवस बारा माणसं आमच्या घरात होती. नाश्त्याला होती, जेवायला होती, जिन्यात होती. नवरा-बायकोला भांडायलाही जागा हवी. ती मिळाली सोमवारी दुपारी, लाकडांच्या खोपटात.

“रागावली होतीस माझ्यावर?” मर्लने विचारलं. हातात कुऱ्हाड, पण लाकूड काही तो फोडत नव्हता.

“पहिली दहा वर्षं. मग पोरं मोठी होत गेली, वेळच मिळाला नाही.”

“मग लग्न कशाला केलंस?”

“तू रोज येऊन उभा राहायचास. बाबांना मदत करायचास. वाईट नव्हतास. आणि बेटावर दुसरं होतं कोण?”

तो हसेल असं मला वाटलं. हसला नाही.

“मी ती गोष्ट सगळ्यांना सांगत फिरलो,” तो म्हणाला. “टोबीच्या लग्नातसुद्धा सांगितली. तू बसून हसत होतीस.”

“हो.”

“कसं हसलीस गं?”

आतून कोणीतरी हाक मारली, गरम पाणी संपलं होतं. मी गेले.

मंगळवारी मंडळी गेली. तीन आठवड्यांनी प्रुइट सरांचं पत्रक आलं. अकरा पानांचा लेख. सभागृहातला आमचा संवाद मालिकेच्या लेखकांनी आधीच लिहून ठेवलेला असून योग्य वेळ येईपर्यंत तो दडवायची जबाबदारी आमच्यावर होती, असं त्यांनी पुराव्यानिशी मांडलं होतं. मर्ल हा ‘दाराचा राखणदार’. पुढच्या ऑक्टोबरच्या खोल्या भरल्या होत्या.

मर्लने जेवणाच्या टेबलावर तो लेख मला पूर्ण वाचून दाखवला. मग त्यांना पत्र लिहिलं, स्वतःच्या हाताने: हे सगळं खरं आहे, कोणी लिहिलेलं नाही, कृपा करून आणखी छापू नका. उलट टपाली उत्तर आलं. ‘वा! मर्लही खेळात उतरला.’ आणि त्याचं पत्र त्यांनी पुढच्या पत्रकात पहिल्या पानावर छापलं.

“आता काय?” मर्लने विचारलं.

“काय म्हणजे? ऑक्टोबरमध्ये येतील ते. चादरी नव्या लागतील.”

डिसेंबरात होडीच्या इंजिनाचा एक भाग आणायला आम्ही पोर्टलंडला गेलो. काम झाल्यावर मर्लने गाडी चालूच ठेवून विचारलं, “ती शाळा कुठे होती?”

मला सांगता येईना. मी ती कधी बघितलीच नव्हती, पत्ता तेवढा पाठ होता. विचारत विचारत गेलो. विटांची साधी इमारत, बाजूला नवा काचेचा भाग जोडलेला. दारातल्या माणसाने वही पुढे केली. नाव, वेळ, कामाचं स्वरूप. मर्लने दोघांची नावं घातली आणि पेन तसाच धरून बसला. मी तो घेतला आणि लिहिलं, ‘बघायला’.

आत लांब व्हरांडा होता आणि भिंतीवर दर वर्षीच्या मुलींचे फोटो. माझ्या तुकडीचा, त्र्याण्णव सालचा, आम्हाला सापडला. अठ्ठावीस मुली, पांढरे कपडे, सगळ्यांचे केस तेव्हाच्या पद्धतीने फुगवलेले. मर्लने चष्मा लावला.

“तुझी जागा मिळाली ती यातली कोण?”

“मला काय माहीत.”

तो वाकला आणि बोट ठेवून एकेक नाव मोठ्याने वाचायला लागला. पहिली रांग, मग दुसरी. जाणाऱ्या-येणाऱ्या मुली आमच्याकडे बघत होत्या. मी त्याला थांबवलं नाही.