गार हवा आणि ग्रंथसंग्रह

जावयांबरोबर मी त्या बोटीवर गेलो ते मुलीच्या सांगण्यावरून. "बाबा, तुम्ही नुसते उभे राहा," ती म्हणाली. "तुम्ही समोर असलात की हे तोंड सांभाळतात." नुसतं उभं राहणं मला जमण्यासारखं होतं. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात पस्तीस वर्षं गेली, तेव्हाही माझ्याकडून कुणाची फार वेगळी अपेक्षा नव्हती.

जावई बोटींमध्ये एसी बसवतात. ही मोटर-यॉट तीन मजली, पांढरीशुभ्र, आणि वर्षातून दोनदा धक्का सोडणारी: एकदा डिझेल भरायला आणि एकदा डिझेल भरल्याचे फोटो काढायला. महिन्यापूर्वी जावयांनी तिच्यातला जुना एसी उपटून नवा बसवला होता. झोपायच्या खोल्या गार झाल्या, स्वयंपाकघर गार झालं, कुणी कधी न जाणारी व्यायामाची खोलीसुद्धा गार झाली. फक्त दिवाणखाना तापत होता. आज पाच वाजता मालकांचे पाहुणे यायचे होते. त्याआधी दिवाणखाना गार होऊन मालकांची दुरुस्तीच्या कागदावर सही आली नाही, तर गोदीतल्या उरलेल्या सगळ्या बोटी दुसऱ्या मेकॅनिककडे जाणार, असं गोदीच्या मॅनेजरने सकाळीच कळवलं होतं. त्या गोदीवाचून जावयांना दुसरं काम जवळजवळ नव्हतं.

"या डॉक्टर," कप्तान म्हणाला. त्याच्या खांद्यावर इतक्या सोनेरी पट्ट्या होत्या की बोट हलत नाही याचं मला जास्तच वाईट वाटलं. "पेशंट अजून तापातच आहे."

"परवा मी गेलो तेव्हा गार होतं ना?"

"होतं की. तुम्ही असता तेव्हा नेहमी गार असतं. तुम्ही इथेच मुक्कामाला का येत नाही?"

जावयांच्या मानेची शीर फुगली. मी खाकरलो. शीर बसली. माझं काम असं सुरळीत चाललं होतं.

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बाकाखाली एसीचं यंत्र होतं. जावयांनी बाकाचं झाकण काढलं आणि मला समजावून सांगितलं. समोर कुणी ऐकणारं असलं की त्यांचा राग कमी होतो. समुद्राचं पाणी पंपाने आत येतं आणि यंत्रातली उष्णता बाहेर नेतं. ते ठीक. गाळणी साफ. गॅस पुरेसा. मग यंत्र खोलीतली हवा ओढतं, गार करतं आणि वरच्या झरोक्यांतून परत सोडतं.

"आणि ओढतं कुठून?" मी विचारलं. विचारल्यावर वाटलं, उगाच विचारलं.

"त्या भिंतीतल्या जाळीतून." त्यांनी पुस्तकांच्या कपाटाकडे बोट दाखवलं. "कपाट नंतर आलं. पण मी तपासलंय, त्याला पाठ नाही. पुस्तकांच्या मधून, वरून हवा जाते. झाकण उघडं असलं की सगळं छान. लावलं की अर्ध्या तासात यंत्रावर बर्फ धरतो आणि खोलीची भट्टी होते. बाबा, मला वाटतं यंत्रच सदोष आलंय. पुन्हा बदलावं लागणार."

"पुन्हा?" कप्तान म्हणाला. "मालकांना हे तुम्ही सांगणार की मी राजीनामा देऊ?"

घड्याळात साडेतीन झाले होते. जावई यंत्राजवळ पालथे पडले. मी कपाटाकडे गेलो, कारण कुणाच्या घरी गेलो की मी पुस्तकांजवळ उभा राहतो. माणसांशी बोलावं लागत नाही. कपाटाला एक चिठ्ठी चिकटवली होती: 'पुस्तकांना हात लावू नये.' बोटीवरच्या सगळ्यांनी, मालकांसकट, ही आज्ञा मनापासून पाळली होती. तपकिरी चामड्याच्या पाठी, सोनेरी अक्षरं. पहिला खंड, दुसरा खंड, तिसरा खंड, तिसरा खंड, सहावा खंड.

जुनी खोड. दोन तिसरे खंड दिसल्यावर माझ्याने राहवेना. छापखान्यात असती तर एवढी चूक मी दुपारच्या चहाआधी पकडली असती. एक तिसरा खंड मी हळूच बाहेर ओढला. त्याच्याबरोबर पहिला आला, दुसरा आला, बाराव्यापर्यंतचे सगळे एका रांगेत आले. पुस्तकं नव्हतीच, सबंध फळी होती ती. वरपासून खालपर्यंत घट्ट बसवलेली, पुढून चामडं, मागून कोरं लाकूड. हातभर लांब ज्ञान मी छातीशी धरून उभा होतो, आणि माझ्या शर्टाची बाही कपाटातल्या भोकाकडे ओढली जात होती.

"जावईबापू," मी म्हणालो, "हवा इकडून ओढतात ना?"

ते आले. त्यांनी फळीकडे पाहिलं, मग उरलेल्या पाचही फळ्या भराभर उपसल्या. मागे जाळी. झाकण उघडं असताना यंत्राला बाकातूनही हवा मिळत होती, म्हणून ती बुजल्याचं कळलं नव्हतं. बाकाचं झाकण लावलं. चारच्या सुमारास माझ्या हातावर शहारे आले.

"महिनाभर," जावई म्हणाले. "महिनाभर मी यांच्या शिव्या खातोय. आता येऊ दे मालकाला. चार पाहुण्यांसमोर सांगतो, तुमच्या लाकडाच्या—"

"सही हवी आहे ना?"

"हवी आहे."

"मग तुम्ही हत्यारं आवरा."

हे मी म्हणालो की दुसऱ्या कुणी, याची मलाच शंका आली. कप्तानाकडून मी दुरुस्तीचा कागद घेतला आणि लिहायला बसलो. पहिलं वाक्य तीनदा खोडलं. शेवटी असं झालं: 'यंत्र निर्दोष आहे. दिवाणखान्यातील ग्रंथसंग्रह अतिशय भरगच्च असल्याने खोलीतील हवेस वाट मिळत नव्हती. संग्रह अन्यत्र हलवण्यात यावा. तो चालू असताना कपाट रिकामे असावे.' 'तो' म्हणजे एसी हे कळत नव्हतं, म्हणून तेही सुधारलं.

पाचला दहा कमी असताना मालक आले. मागे मालकीणबाई, आणि त्यांच्यामागे एक प्राध्यापकासारखे दिसणारे पाहुणे. मालकांनी आधी गार हवा घेतली, मग रिकामं कपाट पाहिलं, मग सोफ्यामागे उभ्या केलेल्या फळ्यांची एक कोरी कड. त्यांचा चेहरा एसी नसल्यासारखा लाल झाला.

"पुस्तकं कुणी काढली?" मालकीणबाईंनी विचारलं.

जावयांनी तोंड उघडलं. मी खाकरलो. ते मिटलं. मी कागद मालकांपुढे धरला.

मालकांनी कागद सावकाश वाचला. 'अतिशय भरगच्च' या शब्दांवर त्यांची नजर दोनदा थांबली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसायला काढला, म्हणजे मला काही दिसत नाही हे त्यांना दिसावं.

"मी म्हणतच होतो," ते पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "बोटीवर इतकी पुस्तकं ठेवायला नकोत."

"खरं आहे," पाहुणे म्हणाले. "दमटपणाने बांधणी सुटते."

मालकांनी सही केली. कप्तानाने फळ्या स्वतः उचलून खाली नेल्या, एकेक, उलट्या करून, पोटाशी धरून.

गोदीच्या फाटकाशी जावयांनी हत्यारांची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाले, "बाबा, त्या कागदात माझी चूक नाही, त्यांची चूक नाही, कुणाचीच नाही."

"यंत्र निर्दोष आहे असं लिहिलंय."

"ते वाचलं." थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "पण निदान एकदा त्यांना तोंडावर सांगायला हवं होतं."

मला वाटलं, त्यांचं बरोबर असावं. तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. उद्यापासून पुढच्या दोन बोटी. जावई इतक्या नम्रपणे "हो साहेब, हो साहेब" म्हणाले की मी जरा लांब जाऊन उभा राहिलो.