वाळू काट्यावर, बायको कॅरिअरवर

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात उभी हयात दुकानदारांचे खोटे तराजू पकडण्यात गेली, म्हणून बाजाराने त्यांना ते बहाल केलं होतं. निवृत्तीनंतर घरात बसून करायचं काय, तर एका ग्राहक मासिकासाठी घडीच्या विजेच्या सायकली तपासायचं काम त्यांनी घेतलं. ओझं किती ओढते आणि चढ कसा चढते, एवढंच बघायचं. पण काटेसाहेबांनी बघायचं ठरवलं म्हणजे त्या सायकलीला साडेसातीच लागली म्हणायची.

चढ घराशेजारचाच. पायथ्याशी बेकरी, मध्यावर टपालपेटी, पुढे शाळेचं फाटक आणि अगदी माथ्यावर दवाखाना. ओझं म्हणजे पुढच्या टोपलीत वाळूची पिशवी आणि मागे कॅरिअरवर बायको. वाळू दर खेपेला काट्यावर चढे आणि चिमूटभर जरी कमी भरली तरी तेवढी भर पडे. बायकोला काट्यावर चढवायची गरज साहेबांना कधी वाटली नाही. तिचं वजन पासष्ट किलो, ते त्यांना तोंडपाठ होतं.

पहिली लाल सायकल टपालपेटीपाशीच धापा टाकून थांबली. साहेबांनी तिथेच तिची घडी घातली आणि बायको वाळूची पिशवी काखोटीला मारून घरी परतली. मासिकात त्यांनी लाल सायकलीची अशी काही सालटी काढली की दुकानदाराने तिला दर्शनी भागातून उचलून मागच्या खोलीत टाकलं. नंतरची पिवळी शाळेच्या फाटकापर्यंत पोचली. हिरवी त्याच्याही पुढे गेली. निळी तर थेट दवाखान्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

“मोटारी काय झपाट्याने सुधारताहेत बघ,” साहेब खुशीत म्हणाले.

“अहो, मला हल्ली फार थकल्यासारखं होतं,” बायको म्हणाली. “जेवणही जात नाही.”

“कॅरिअर टोचत असेल. उशी घेत जा.” आणि त्यांनी आसनासाठी निळीचा एक गुण कापला.

निळीचं कौतुक छापून आलं आणि दुकानदाराचा संयम सुटला. तो लाल सायकल घेऊन दारात हजर झाला.

“साहेब, बाकीच्या लोकांना हिच्यावरून पोती नेता येतात. तुमच्याच चढावर हिला काय होतं? पुन्हा चढवा. मोटार तीच, बॅटरी तीच. ओझंही तेच घ्या.”

साहेबांचा निकाल खात्यात असताना कधी फिरला नव्हता. त्यांनी डोळ्यांत तेल घालून सगळं तपासलं, वाळू तोलली, मागे बायको बसली आणि सायकल निघाली. लालने टपालपेटी ओलांडली, फाटक ओलांडलं आणि साधी कुरकुरही न करता ती दवाखान्यासमोर येऊन थांबली. साहेबांचा चेहरा उतरला. बायको कॅरिअरवर डोळे मिटून बसली होती, पण ते टायर चाचपण्यात गुंतले होते. दवाखान्याच्या दारातूनच सायकल वळवून ते घरी आले.

घरी त्यांनी वाळू पुन्हा तोलली. ती चोख भरली. आता तपासायचं एकच उरलं होतं.

“जरा इथे उभी राहा बघू,” ते बायकोला म्हणाले.

काटा पन्नासवर थांबला.

“बिघडलाय,” म्हणून त्यांनी तिला उतरवलं आणि वाळू ठेवली. वाळू पुन्हा चोख भरली.

“अगं, हे कधीपासून?”

“पिवळ्या सायकलीपासून असेल,” ती म्हणाली. “मी सांगितलं होतं. तुम्ही उशी दिलीत.”

बाहेर दुकानदार ताटकळत उभा होता. “काय साहेब, छापणार ना आता खरं काय ते?”

“गाडी चांगली आहे. माझंच माप चुकलं,” साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर फक्त दुकानदारांच्या तोंडून ऐकलं होतं आणि एकदाही खरं मानलं नव्हतं. “जरा वेळ राहू दे गाडी माझ्याकडे. हिला दवाखान्यात न्यायचंय.”

दुकानदाराने स्वतः सायकल धरली आणि बायकोला कॅरिअरवर नीट बसू दिलं.

या खेपेला वाळू घेतली नाही. साहेब सावकाश चढ चढू लागले. टपालपेटी जवळ येत होती. इथेच ही पहिल्या खेपेला थांबली होती, तेव्हा मागे पुरे पासष्ट किलो बसले होते. आजही हिने इथेच धापा टाकाव्यात, एक पाऊल पुढे जाऊ नये, असं साहेबांना अगदी कळवळून वाटलं. त्यांनी पायडल मारायचंही थांबवून पाहिलं.

“किती हलकी चालते हो ही,” मागून बायको म्हणाली.

टपालपेटी मागे पडली.