चिकटवलेला ग्रह

“हा बघा मॅडम, आपला ग्रह,” वेधशाळेचे साहेब पाहणीला आलेल्या समितीच्या बाईंना म्हणाले आणि स्क्रीनवर नेमकं चुकीच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

हसू दाबायला मी आतून गाल चावला. तो ठिपका सकाळी मीच चिकटवला होता. फोटोतून ताऱ्याचा झगमगाट पुसला की शेजारचा ग्रह दिसायला लागतो. पुसताना ग्रहच पुसला जात नाही ना, हे कळावं म्हणून आधी आपला एक खोटा ग्रह टाकून बघायचा, ही आमची रोजची पद्धत. आज साहेब येणार म्हणून मी तो जरा ठसठशीतच टाकलेला. साहेबांनी स्वतः फोटो साफ केल्याला जमाना झाला. हल्ली ते फक्त सह्या करतात.

“त्यावर पाण्याची वाफ आहे,” साहेब म्हणाले.

“ढगही आहेत ना, सर?” मी गरीब तोंड करून विचारलं.

“ढग तर आहेतच.”

खरा ग्रह डावीकडे मिणमिणत होता. तो माझ्या शेजारी बसलेल्या ताईंचा, मी त्यांच्याच हाताखाली काम करतो. ताऱ्याभोवती त्याची एक फेरी चारशे वर्षांची. त्यातला नखाएवढा तुकडा ताईंनी दरवर्षी एकेक फोटो काढून जमवलेला. यंदाच्या फोटोसाठी त्यांना दुर्बीण द्यायची की नाही, हे साहेब आजच ठरवणार होते. ताईंनी फक्त गप्प बसायचं होतं.

“तुम्ही इतकी वर्षं ह्याच्याच मागे आहात?” बाईंनी ताईंना विचारलं.

मी टेबलाखाली ताईंच्या पायावर पाय दिला.

“नाही हो. माझा तो, डावीकडचा. हा तपासणीसाठी टाकलेला खोटा ठिपका आहे. वाफ नाही, ढग नाहीत, काही नाही.”

बाई खुदकन हसल्या. साहेबांचं तोंड असं झालं की दुर्बीण तिकडेच वळवावी.

बाईंना गाडीत बसवून साहेब परत आले. “ताई, यंदा दुर्बीण दुसऱ्यांना देतोय. तुमचा ग्रह काय, पळून थोडाच जातोय?”

“जातोय, सर,” ताई म्हणाल्या. “हळू जातो.”

हे साहेबांच्या डोक्यापर्यंत पोचायला चारशे वर्षंही पुरायची नाहीत. ते निघून गेले.

“ताई, गप्प बसायला काय झालं होतं?”

“अरे, त्यांनी मलाच विचारलं ना.” मग चष्मा पुसत म्हणाल्या, “ठिपका मात्र झकास चिकटवला होतास.”

भिंतीवरच्या कागदावर त्यांचे काळे ठिपके, दर वर्षीच्या फोटोचा एकेक, किंचित वळत गेले होते. ताईंनी पेन्सिल घेतली. शेवटच्या ठिपक्यापुढे, ग्रह यंदा जिथे असेल तिथे, एक बारीक गोल काढला. आतून कोराच ठेवला.