खिडकीतले हात

"अगं, पिठाच्या डब्यात पडलीस की काय?"

पेंटर दारातच थांबला. हातात जेवणाचा रिकामा डबा, अंगाला गॅरेजातल्या थिनरचा वास, आणि समोर आरशापुढे त्याची बायको. कपाळापासून हनुवटीपर्यंत पांढरीफटक. कान आणि मान तेवढी तिची स्वतःची राहिली होती.

"हसा, हसा. तुमचं काय जातंय!" ती आरशातूनच म्हणाली. "उद्या तिथे मला उभं राहायचंय."

एवढं बोलली आणि तिला रडूच फुटलं. त्या पांढऱ्यावर दोन ओहोळ पडले. डाव्या गालावरचा ओहोळ लाल निघाला, कारण खाली जुना डाग होता. पेंटरचं हसू जागच्या जागी विरलं. त्याने डबा खाली ठेवला आणि स्टूल ओढून बसला.

प्रकरण असं होतं. बाई एका मोठ्या ऑफिसच्या कँटीनमध्ये एकोणीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. स्वयंपाकघर आणि जेवणाचा हॉल यांच्यामध्ये भिंत, भिंतीत एक खिडकी. खिडकी कसली, वीतभर उंचीची फट! पलीकडून रिकामी ताटली यायची, अलीकडून भरलेली जायची. बाईंना सगळे "खिडकीबाई" म्हणत. त्यांनी तिथे जेवायला येणाऱ्या एकाही माणसाचा चेहरा धड पाहिला नव्हता, पण हात मात्र सगळ्यांचे ओळखीचे. हिवाळा आला की त्या फटीतून त्यांना सगळ्या ऑफिसची फॅशन दिसे, मनगटापासून कोपरापर्यंत. हिरवा स्वेटर, त्याच्या बाहीला अंगठ्यासाठी पाडलेलं भोक. काळा कोट, तीन वर्षं लोंबणारं एकच बटण. बोटं कापलेले हातमोजे. लाल नखं. हिरव्या स्वेटरच्या बोटातली अंगठी एक दिवस दिसेनाशी झाली, त्या दिवशी बाईंनी सूप एक पळी जास्त वाढलं. पलीकडून ती ताटली उचलायला जरा वेळ लागला.

चेहरा दिसत नाही, हे तिच्या पथ्यावरच पडलं होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मोठ्या भांड्याचं झाकण उडालं आणि वाफेने डावा गाल भाजला, डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत. डोळा वाचला हे नशीब. डाग राहिला, थंडीत तो तांब्याच्या भांड्यासारखा लाल व्हायचा. मग तिला खिडकीमागे ठेवलं गेलं, आणि खरं सांगायचं तर तीही तिथे सुखाने लपली.

आता ती भिंतच पडणार होती. नवा उघडा काउंटर होणार, जुने मुख्य आचारी निवृत्त होणार, आणि त्यांच्या जागी कोण हे ठरवायला कँटीनच्या मालकीणबाई उद्या स्वतः जेवायला येणार होत्या. एक सूप खिडकीबाईंचं, एक पदार्थ त्याच जागेसाठी आलेल्या नव्या आचाऱ्याचा.

मॅनेजरने तिला बाजूला बोलावलं होतं. "मावशी, सूप तुम्हीच करा. तुमच्या हाताला तोड नाही. फक्त वाढायला आपली कॅशवाली मुलगी उभी राहू दे. पुढे उभं राहणारं माणूस जरा..."

त्या "जरा"पुढे तो थांबला. एकोणीस वर्षं "हो साहेब" म्हणणारी बाई, पण त्या थांबण्याने तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"सूप माझं, तर वाढणारही मीच."

"बघा बुवा. नीटनेटकं यावं लागेल."

"येईन की!"

तोंडातून निघून गेलं. मग घरी येताना वाटेतल्या दुकानात सेलच्या टोपलीतून तिने एक पावडरचा कॉम्पॅक्ट, चेहऱ्याला लावायच्या दोन छटांच्या स्वस्त क्रीमच्या ट्यूबा आणि त्यांच्यावर फुकट मिळालेली पापण्यांना लावायच्या रंगांची डबी घेतली. कॉम्पॅक्टवर जिचा फोटो होता ती छान दिसत होती, एवढाच हिशेब.

"डब्यावरचं चित्र बघून रंग घेतलास?" पेंटरने सगळं ऐकून घेऊन विचारलं. "पंचवीस वर्षं मी काय करतोय गॅरेजात?"

"गाड्या रंगवताय."

"गाडीचा पत्रा चेपला, तर तेवढाच भाग असा रंगवायचा की मालकालासुद्धा सापडू नये. डब्यावरचा नंबर कधी बघायचा नसतो. गाडी उन्हात राहून बदललेली असते. समोरची गाडी बघायची आणि तिच्यासाठी रंग बनवायचा. आणि तू गेलीस टोपली उपसायला! काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"मी काय गाडी आहे?"

"गाडीने इतका त्रास दिला नसता," तो म्हणाला. "तोंड धू. दिव्याखाली रंग जुळत नाही. सकाळी उजेडात बघू. आणि ती हिरवी शाल घालू नकोस, ट्रंकेतला मरून स्वेटर काढ."

त्या संध्याकाळी स्वयंपाक त्याने केला. बटाटे उकडले, वर अंडी फोडली, मीठ विसरला. तिने वरून मीठ घेतलं. जेवताना ती नेहमीसारखी त्याच्या डाव्या हाताला बसली होती, म्हणजे उजवा गाल त्याच्याकडे. अठरा वर्षं ती अशीच बसत होती. झोपायचीही डाव्या कुशीवर, गाल उशीत. मुद्दाम ठरवून नव्हे, पण चुकूनही त्यात बदल झाला नव्हता.

सकाळी ऊन खिडकीत आलं तेव्हा त्याने तिला तिथे बसवलं. हात साबणाने तीनदा धुतले होते, तरी ती नाक मुरडून म्हणालीच, "थिनर."

"गप बस. मान इकडे."

"इकडे" म्हणजे उजेडाकडे. डावा गाल उजेडाकडे. तिची मान वळेना. त्याने हनुवटीला दोन बोटं लावली, गाडीचं दार उघडून बघावं तितक्या हलक्या हाताने, आणि चेहरा वळवला. मग तो वाकून कानाजवळ निरखायला लागला.

"काय झालं? फारच वाईट आहे?"

"अगं, हा तीळ अजून आहे?"

"कुठला?"

"कानाच्या पाळीखालचा. मला वाटलं, भाजलं तेव्हाच गेला."

"जाईल कुठे? माझाच तो."

"मग इतकी वर्षं दाखवला का नाहीस?"

डागाची लाज आपल्याला, आणि शिक्षा मात्र या माणसाने भोगली, असं तिच्या मनात आलं. तिने डोळे मिटून घेतले आणि मान तशीच राहू दिली.

आधी त्याने कोल्डक्रीम चोळलं आणि घड्याळ लावून दहा मिनिटं थांबला. "कोरड्या पत्र्यावर रंग धरत नाही, ओल्यावर तर उभाच राहत नाही." मग बशीत दोन्ही ट्यूबा थोड्या थोड्या पिळल्या, चमच्याच्या दांड्याने कालवल्या, तिच्या मानेशी धरून बघितल्या, पुन्हा कालवल्या. शेवटी फुकटच्या डबीतला हिरवा रंग नखाने खरवडून दुसऱ्या बशीत क्रीममध्ये घातला.

"हिरवा? मला पालेभाजी करताय का? आणि काल तर हिरवी शाल घालू नकोस म्हणालात!"

"हिरवा लालाच्या शेजारी ठेवला की लाल आणखी ओरडतं. त्याच्यावर पातळ फिरवला की लाल गप्प बसतं. म्हणून अंगात मरून स्वेटर आणि गालावर हिरवं."

मरून स्वेटर नणंदेने विणलेला, आठ वर्षं ट्रंकेत घडी करून ठेवलेला. कोणासमोर घालायचा, असं म्हणून तो राहिला होता.

नव्या स्पंजाच्या तुकड्याने त्याने तीन पातळ हात दिले. प्रत्येक हातानंतर थांबला. मध्ये ती बोलायला लागली की म्हणे, "रंग ओला आहे." लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला तिला गप्प बसवायचा हक्काचा बहाणा मिळाला होता, आणि तो त्याने मनसोक्त वापरला. शेवटी आरसा दिला. तिने पाहिलं. गोरीबिरी काही झाली नव्हती. तिचाच गव्हाळ चेहरा होता, भाजला नसता तर आज जसा दिसला असता तसा.

"वाफ आहे तिथे," ती हळूच म्हणाली. "उतरेल."

"जाड असता तर उतरला असता. पातळ आहे. माझं काम आहे हे, दुकानाचं नाही."

एक वाजता हॉल खचाखच भरला. टेबलाच्या एका टोकाला नवा आचारी, त्याच्या ताटलीत गाजराची फुलं आणि कोथिंबिरीचं झाड. दुसऱ्या टोकाला खिडकीबाई, मोठं भांडं आणि पळी. बटाटा-गाजराचं सूप, वर भाजलेल्या लसणाचं तेल, सोबत शेकलेला पाव. बस. मॅनेजर कॅशवाल्या मुलीला घेऊन आला, बाईंकडे बघितलं, आणि दोन पावलं मागे सरला.

कॅशवाली पोरगी मात्र डोळे विस्फारून म्हणाली, "मावशी, कुठल्या पार्लरमध्ये गेला होतात?"

"गॅरेजात," बाई म्हणाल्या.

मालकीणबाई समोर आल्या. झाकण काढायची वेळ झाली. भाजल्यापासून बाई झाकण काढताना तोंड बाजूला फिरवायच्या. या वेळी फिरवलं तर सगळा हॉल बघणार होता. त्यांनी झाकण उचललं आणि तशाच उभ्या राहिल्या. वाफ भसकन तोंडावर आली. पण भाजलं नाही, उतरलं नाही. पहिला हात, दुसरा हात, तिसरा हात, सगळे जागच्या जागी.

त्यांनी वाटी भरली, तेलाची धार गोल फिरवली, अंगठ्याने वाटीची कड पुसली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. तेवढ्यात रांगेतून कोणीतरी ओरडलं:

"अहो, हे तर आपल्या खिडकीतले हात!"

हिरवा स्वेटर होता. बाईंनी पहिल्यांदा त्याच्या वरचा चेहरा पाहिला. पन्नाशीची एक बाई, डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू. मग काळ्या कोटाने टाळी वाजवली, बटण अजून लोंबतच होतं. बोटं कापलेल्या हातमोज्यांनी टेबल बडवलं. लाल नखं, निळा मफलर, सगळे हात वर. बिचाऱ्या गाजराच्या फुलांकडे कोणी बघेना. मॅनेजरही टाळ्या वाजवायला लागला, वारं येईल तशी पाठ देणाऱ्यांपैकीच तो.

मालकीणबाईंनी वाटी रिकामी केली, पावाने पुसून काढली. "इतकी वर्षं होता कुठे तुम्ही?"

"इथेच होते. भिंतीमागे."

"नवा काउंटर आता तुमचा."

बाईंचा जीव भांड्यात पडला. घरी जाताना त्या रस्त्याने चक्क गुणगुणत गेल्या, आणि भाजीवाल्याने दोनदा वळून बघितलं तरी त्यांनी पदर सावरला नाही की तोंड वळवलं नाही.

भिंत पडून नवा काउंटर झाला, आणि पुढचे दहाबारा दिवस पेंटर रोज सकाळी रंग लावून द्यायचा. मग एकदा गॅरेजात तातडीची गाडी आली, तो पहाटेच निघून गेला. बाई आरशापुढे बशी घेऊन बसल्या, दोन रंग कालवून बघितले, आणि काय मनात आलं कोण जाणे, बशी धुऊन ठेवली. मरून स्वेटर चढवला, केस विंचरले, ओठांना थोडा रंग लावला आणि गेल्या. दोघातिघांनी गालाकडे बघितलं. हिरव्या स्वेटरने विचारलं, "भाजलं होतं?" "हो, फार वर्षं झाली." "दुखलं असेल." "खूप." आणि रांग पुढे सरकली.

दीडच्या सुमाराला एक बाही पुढे आली. करडी, कोपराशी विरलेली, तिच्यावर लाल आणि पांढऱ्या रंगाचे बारीक शिंतोडे. चेहरा बघायची गरजच नव्हती. तरी बाईंनी वर पाहिलं.

एकोणीस वर्षांत पेंटर पहिल्यांदा तिथे जेवायला आला होता. हॉलच्या मोठ्या खिडक्यांतून दुपारचं स्वच्छ ऊन येत होतं, थेट तिच्या डाव्या गालावर. त्याने मान तिरकी केली, काम झालेल्या गाडीकडे बघायचा तसा बघत राहिला.

"रंग?"

"आज नाही लावला. वाईट दिसतंय?"

"मूळ रंगाच्या गाडीला गिऱ्हाईक जास्त भाव देतं," तो म्हणाला. "आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे."

"पुढे सरका आता. मागे रांग आहे."

तिने त्याला एक पळी जास्त वाढली. तो तिच्या डावीकडच्या टेबलाशी जाऊन बसला, जिथून तिचा डावा गाल दिसतो. सूप संपेपर्यंत तिने मान वळवली नाही.