शुद्धीवर असल्याची नोंद

“मामा, माझा हात दाबा. दाबा बघू.”

अजिनाथमामांची बोटं नर्स कृपाच्या तळहातावर चाळवली आणि मग घट्ट मिटली. पाच दिवस व्हेंटिलेटरवर असलेल्या माणसाची ती पकड बघून कृपाला हसू फुटलं. घोडेगावच्या बाजारात म्हशींचे सौदे जुळवणारा हा माणूस न्यूमोनियानं नगरच्या या दवाखान्यात आला, तेव्हा बायकोलाही ओळखत नव्हता. आज गुंगीचं औषध थांबवल्यावर त्यांनी डोळे उघडले होते. कृपानं नोंद केली : सकाळी दहा, रुग्ण शुद्धीवर, सांगितलेलं समजतं. खाली सही.

पण अर्ध्या तासात त्यांना धाप लागली. डॉक्टरांनी औषध पुन्हा सुरू करायला सांगितलं. औषधांच्या तक्त्यात ती वेळ भरून, मामा गाढ झोपल्यावर कृपा जेवायला गेली.

परत आली तर त्यांच्या डाव्या अंगठ्याला निळी शाई.

“जॉर्ज सर, हे काय?”

आयसीयूचे इनचार्ज जॉर्ज सर शेजारच्या खाटेवर सलाईन लावत होते. नळीतला कफ कसा ओढायचा, नोंद कशी लिहायची, सगळं कृपाला त्यांनीच शिकवलेलं. नोकरीही त्यांच्याच शब्दावर मिळालेली.

“त्यांचा भाऊ आला होता, राधाकृष्ण. मुखत्यारपत्रावर अंगठा हवा होता.”

“पण ते गुंगीत आहेत!”

“शुद्धीवर आहेत असं तूच लिहिलंयस. त्या पानाची झेरॉक्स जोडलीय.”

“आणि औषधांच्या तक्त्याची?”

सर सलाईनचे थेंब बघत राहिले. “त्याची वरपर्यंत ओळख आहे, कृपा. माझी नाही.”

कृपानं त्यांच्यासमोरच लिहिलं : दुपारी दीड, रुग्ण गाढ गुंगीत, डाव्या अंगठ्यावर शाई.

दुसऱ्या दिवशी फाईलमध्ये ते पान नव्हतं. त्या जागी नवं पान होतं, शाईचा उल्लेख नसलेलं. अक्षर तिनं लगेच ओळखलं. तसं नीटस अक्षर काढायला ती वर्षभर धडपडत होती.

चौथ्या दिवशी मामांची नळी निघाली. त्याच दुपारी बनुबाई, त्यांची बायको, गावाहून धापा टाकत आली.

“भावजींनी गोठ्याला कुलूप घातलंय. जागा इकली म्हनत्यात. कागदासंगं या नर्सबाईच्या सहीचं पान हाय.”

मामांनी मान वळवून कृपाकडे पाहिलं. आवाज अजून घोगरा होता.

“तू हात दाब म्हनली, म्हून म्या दाबला. त्यासाठी व्हय?”

“नाही मामा. तुम्ही शुद्धीवर येताय का, तेवढंच बघत होते.”

“तुज्या पोटात काय हुतं, आमाला काय ठावं.”

कृपानं घडलं ते सगळं सांगितलं. मग कोऱ्या कागदावर वेळेसकट लिहून काढलं, खाली पूर्ण नाव आणि मोबाईल नंबर घातला. बनुबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं. जॉर्ज सरांच्या नावाशी ती थांबली, मग तेही वाचलं. सर दारातच उभे होते. ते आल्या पावली परत गेले.

“वकिलाला दाखवा. मी कुठंही येऊन सांगीन.”

“तुजी नोकरी जाईल की, बाय.”

“जाईल.”

बनुबाईनं कागदाची घडी करून चंचीत ठेवली. मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

संध्याकाळी त्यांना जनरल वॉर्डात हलवायचं होतं. व्हीलचेअर आली. कृपानं आधारासाठी खांदा पुढे केला. मामांनी तो पाहिला, आणि खाटेची लोखंडी कड धरून एकटेच उठले. पाय थरथरत होते, छाती भात्यासारखी हलत होती. तरी बसले ते आपले आपणच.

खुर्ची दाराबाहेर जाईपर्यंत कृपा सवयीनं त्यांचे श्वास मोजत उभी राहिली.